तोद्रा घळीतलं स्पोर्ट क्लाइंबिंग: नाशिकच्या कातळावर वाढलेल्यांसाठी रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते मोकळे. मोरोक्कोतली तोद्रा घळ ही क्लाइंबिंगसाठी पैसे साठवून जावं अशी जागा आहे, पाचपैकी साडेचार, आणि जो अर्धा कापलाय तो कातळात ठोकलेल्या जुन्या बोल्टसाठी आणि भाड्याच्या दोरासाठी, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. नाशिकच्या आमच्या क्लाइंबिंग ग्रुपमधले बरेच जण सारखं विचारतायत की एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्याकडे कातळाला काय तोटा आहे, अंजनेरी आहे, हडबीची शेंडी आहे, त्र्यंबकची अख्खी रांग आहे. तोटा नाहीच. पण आपल्या कातळावर चढताना निम्मं लक्ष दगड निघतोय का, मेख बसली का, खालच्याच्या डोक्यावर काही पडत नाही ना याकडे असतं, आणि चढण्याची जी मूळ गोष्ट, म्हणजे पाय कुठे ठेवायचा आणि वजन कसं सरकवायचं, ती शिकायला निवांतपणा मिळतच नाही. तो निवांतपणा तोद्रात मिळतो. मी तेवढ्यासाठी परत जाईन.

जागा कुठे आहे ते सांगते. हाय ॲटलस डोंगराच्या पूर्वेकडच्या अंगाला, सहाराकडे जाणाऱ्या वाटेवर तिंघिर म्हणून गाव आहे, तिथून साधारण १५ किलोमीटरवर तोद्रा नदीने चुनखडीचा डोंगर चिरत ही घळ केलीय. सगळ्यात अरुंद जागी दोन भिंतींमध्ये जेमतेम १० मीटर अंतर उरतं आणि भिंती काही ठिकाणी ३०० मीटरपर्यंत चढत जातात. घळीचा तळच अंजनेरीच्या माथ्याएवढ्या उंचीवर आहे, त्यामुळे वाळवंट म्हटल्यावर डोळ्यासमोर जे रणरणतं ऊन येतं तसं तिथे सगळा वेळ नसतं, रात्री तर जॅकेट लागतंच. गावापासून घळीपर्यंत नदीकाठाने खजुराची बाग पसरलीय, खाली हिरवंगार आणि वर दोन्ही बाजूंना एक पान नसलेले तांबूस डोंगर, आणि मधे मातीच्या भिंतींची जुनी घरं.

एकांताबद्दल खरं काय ते लिहायला हवं कारण फोटो बघून लोकांचा गैरसमज होतो. घळीतून पक्का डांबरी रस्ता जातो, वर तामतेतूश गावाकडे आणि पुढे इमिलशिलकडे, आणि मराकेशहून वाळूच्या टेकड्या बघायला मर्झूगाला निघालेल्या सगळ्या टूरच्या गाड्या वाटेत इथे थांबतात. सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीनपर्यंत अरुंद भागात गाड्या, फोटोवाले, शाली आणि गालिचे विकणारे, सगळं असतं. पण ही माणसं तासाभरात निघून जातात आणि रस्ता सोडून कोणी शंभर पावलं आत येत नाही. सकाळी लवकर आणि चारनंतर घळ पूर्ण तुमची असते, आणि अरुंद भाग ओलांडून वरच्या बाजूला गेलात तर दिवसभरसुद्धा. आम्ही वरच्या अंगाच्या एका भिंतीखाली दिवस काढला तेव्हा दिवसभरात फक्त एक बाई दोन गाढवं घेऊन पाणी न्यायला आली, वर डोंगरात राहणारी भटकी कुटुंबं घळीतल्या झऱ्यावरून पाणी नेतात, तिने आमच्या दोराकडे एकदा बघितलं, हात छातीवर ठेवून सलाम केला आणि गेली. त्यामुळे ज्यांना खरा एकांत हवाय त्यांनी वेळ सांभाळली की काम होतं, जागा बदलायची गरज नाही.

आता कातळ. आपला सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, मधे मधे मुरूम आणि ठिसूळ पट्टे, आणि त्यात आडव्या कपारी, म्हणून आपण कपार ते कपार चढतो, हाताने ओढून घ्यायची सवय लागते, पाय कुठेतरी आपोआप येतो. तोद्राचा चुनखडक समुद्राच्या तळाशी ज्युरासिक काळात साठलेला, पाण्याने विरघळत गेलेला, त्यामुळे त्यात बोट जाईल अशी भोकं, खोबणी, पातळ कंगोरे, पाण्याच्या ओघळाच्या उभ्या पन्हळी. मोठी पकड शोधत बसलात तर पहिल्या पाच मीटरमध्येच हात भरून येतात. पकडी आहेत, भरपूर आहेत, पण लहान आहेत आणि त्या पायासाठी आहेत हे डोक्यात शिरायला वेळ लागतो.

एक जागा सांगते म्हणजे कळेल. साधारण ६ए ग्रेडचा रूट, म्हणजे चढायची ठरलेली वाट, होता, पंचवीसेक मीटरचा (ग्रेड म्हणजे अवघडपणाचं माप, आकडा वाढला की रूट अवघड). तिसऱ्या बोल्टपर्यंत पायरी-पायरीने सोपं, मग भिंत पोट बाहेर काढते. पोटाच्या खाली उजव्या हाताला दोन बोटं जातील असं भोक, कडा धारदार, डाव्या हाताला काहीच नाही, नुसता गुळगुळीत उतार ज्यावर तळवा दाबून ठेवायचा. वर पकड दिसतेय, हातभर लांब आहे. आपल्याकडची सवय म्हणजे उजव्या हातावर लोंबकळून झेप टाकायची. मी तेच करत होते आणि उतरत होते. खालून बिले देणारा, म्हणजे दोर सांभाळणारा, आमच्यातला सगळ्यात धाकटा, तो ओरडतोय, "ताई, हात सोड, पाय बघ, पाय, डावा पाय गुडघ्याएवढ्या उंच ठेव!" गुडघ्याएवढ्या उंचीवर नखाएवढा कंगोरा होता, पांढरट, मी तो पकडीत धरलाच नव्हता. त्यावर बुटाची आतली कड ठेवली, कंबर भिंतीला चिकटवली, आणि वजन डाव्या पायावर गेल्याबरोबर उजवा हात एकदम हलका झाला, वरची पकड सहज आली, झेप नाही काही नाही. ती एक हालचाल माझ्या अंगात बसली आणि त्यानंतर मी सगळे रूट वेगळ्याच पद्धतीने चढले. हे आपल्या कातळावर शिकता येणार नाही असं नाही, पण त्या जागी पडले असते तरी दोन मीटर खाली बोल्टवर अडकले असते, हे माहीत होतं म्हणून पाय ठेवायची हिंमत झाली. स्पोर्ट क्लाइंबिंगचा सगळा मुद्दा हाच आहे. बोल्ट आधीच ठोकलेले असतात, दोन-तीन मीटरवर एक, तुम्ही त्यात क्विकड्रॉ (दोर अडकवायची, दोन्ही टोकांना कड्या असलेली पट्टी) लावत जायचं, वरच्या अँकरला, म्हणजे रूटच्या शेवटी पक्क्या बसवलेल्या कड्यांना, दोर घालायचा आणि खाली यायचं, डोकं फक्त हालचालीत.

ग्रेडबद्दल. तिथे फ्रेंच ग्रेड चालतात, ५ पासून ८ पर्यंत सगळं आहे आणि ५सी ते ६बी मध्ये तर रेलचेल आहे, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या कामाचं. अगदी नवख्यांसाठी पेतित गॉर्ज म्हणून भाग आहे तिथे सोपे आणि छोटे रूट आहेत, सुरुवात तिथेच करा, कातळाची ओळख होते. लांब मल्टिपिच, म्हणजे टप्प्याटप्प्याने चढायचे रूटसुद्धा आहेत, पिलिए द्यू कुशां तर प्रसिद्ध आहे, पण मी स्वतः तो चढलेली नाही म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. एक खटकलं ते म्हणजे रस्त्यालगतच्या सोप्या रूटचे पहिले चार-पाच मीटर इतक्या पायांनी घासलेत की काच झालीय, ६ए लिहिलेलं ६बी वाटतं. मन खट्टू करून घेऊ नका, अर्धा तास आत चालत जा, तिथे कातळ अजून खरखरीत आहे, इतका की संध्याकाळी बोटांच्या टोकांना चहाचा गरम ग्लास धरवत नाही.

आणि सावली. ही गोष्ट मला कोणीच आधी सांगितली नव्हती आणि माझ्या मते या जागेचं खरं मोल तेच आहे. घळ वळत वळत जाते, भिंती उंच आहेत, म्हणून दिवसातल्या कुठल्याही तासाला कुठली तरी एक भिंत सावलीत असते आणि कुठली तरी उन्हात. गेस्टहाऊसवाल्यांना हे तोंडपाठ असतं, कुठली भिंत किती वाजता झाकोळते, कुठल्या वळणावर सकाळी नऊनंतर चढू नये. मार्चमधल्या थंड सकाळी ऊन शोधायचं, दुपारी रस्ता ओलांडून सावलीत जायचं, चार वाजता परत तिसरीकडे. तिथल्या भागांना जार्दें दिवेर आणि जार्दें देते, म्हणजे हिवाळी बाग आणि उन्हाळी बाग, अशी नावंच पडलीत. सावलीत चुनखडक गार असतो, बोटांना घाम येत नाही, बूट चिकटतो, आणि त्याच रूटवर ऊन आलं की अर्ध्या तासात तो दुसराच रूट होऊन बसतो. तुमचा दिवस सावलीच्या हिशोबाने आखा, ग्रेडच्या हिशोबाने नको. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम, जून ते ऑगस्ट विसरून जा.

आता अर्धा मार्क कापला त्याबद्दल. बोल्ट सगळीकडे सारखे नाहीत. या घळीत गेली कित्येक दशकं बाहेरून आलेले, विशेषतः फ्रेंच आणि स्पॅनिश, आणि तिथले स्थानिक असे सगळ्यांनी मिळून रूट केलेत, त्यामुळे एका रूटवर चकचकीत स्टेनलेस स्टीलचे नवे बोल्ट आणि शेजारच्याच रूटवर गंजाचे ओघळ उतरलेले जुने, असं चित्र आहे. एका रूटवर चौथ्या बोल्टचा हँगर, म्हणजे क्विकड्रॉ अडकवायची पट्टी, बोटाने फिरवला तर गोल फिरत होता, नट सैल झालेला. हँगर फिरला म्हणजे बोल्ट निघालाच असं नाही, बऱ्याचदा नट आवळला की काम होतं, म्हणून एक लहान पाना कमरेच्या हार्नेसला अडकवून ठेवा, पण बोल्टचा दांडाच हलत असेल किंवा भोवतीचा कातळ ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर सरळ खाली या, रूट कुठे पळून जात नाही. वरच्या अँकरच्या कड्या तर दर वेळी बघायच्याच. लोकप्रिय रूटवर दोराने घासून घासून कडी अर्धी झिजलेली असते, आणि वाळवंटातली धूळ दोरात बसते तो दोर कानशीसारखा धातू खातो. यासाठी आम्ही टॉपरोप करताना, म्हणजे दोर आधीच वरच्या अँकरमधून घातलेला असताना, अँकरवर स्वतःचे दोन क्विकड्रॉ लावायचो आणि फक्त शेवटचा उतरणारा कडीतून दोर घालून उतरायचा. हे सगळ्यांनी करावं.

दोर भाड्याने मिळतो असं वाचून आम्हीसुद्धा विचार केला होता की वजन वाचेल. रस्त्यावरच्या एका दुकानात, नाव लिहीत नाही, जो दोर दाखवला त्याला मधेच एका जागी चपटेपणा होता आणि वरचं आवरण केसाळ झालेलं, वाकवला तर तिथे कोपरा पडत होता, दोर गोल वाकायला हवा. दुकानदार माणूस वाईट नव्हता, तो म्हणाला चालतो, सगळे वापरतात. आम्ही नको म्हटलं. आमचा स्वतःचा ७० मीटरचा दोर होता म्हणून निभावलं. ७० मीटरच घ्या. ६० मीटरच्या दोराने ३० मीटरच्या वरच्या अँकरवरून खाली येता येत नाही, आणि तिथे ३० च्या पुढचे रूट आहेत. दोराच्या टोकाला गाठ मारल्याशिवाय कोणी चढायचं नाही, हे पुन्हा सांगते कारण स्पोर्ट क्लाइंबिंगमधले वाईट अपघात पडून होतात त्यापेक्षा टोक बिलेमधून निसटून झालेले जास्त ऐकिवात येतात. ९.८ मिलिमीटरचा ७० मीटर दोर साधारण साडेचार किलो भरतो, सोळा क्विकड्रॉ दीड-दोन किलो, बूट, हार्नेस, हेल्मेट, ग्रिग्री (बिले द्यायचं यंत्र) धरून एकाकडे आठ-नऊ किलो सामान होतं, दोर आणि क्विकड्रॉ चौघांत वाटले तर विमानाच्या बॅगेत आरामात बसतं. हेल्मेट न्याच, वर डोंगरात शेळ्या फिरतात आणि त्यांच्या खुराने दगड सुटतात, आपल्याकडे माकडं जे काम करतात ते तिथे शेळ्या करतात.

गाईडबद्दल मात्र फक्त चांगलंच लिहायचंय. आम्ही मल्टिपिचसाठी एक दिवस स्थानिक अमाझिग (बर्बर) गाईड घेतला, घळीतच वाढलेला. इंग्रजी मोजकं, फ्रेंच चांगलं, आमची दोन्हीची बोंब, तरी अडलं नाही कारण दोराची भाषा सगळीकडे एक आहे. निघायच्या आधी त्याने आमच्या प्रत्येकाची गाठ, हार्नेसचं बक्कल आणि बिलेचं कुलूप हाताने चाचपून बघितलं, आमच्यातल्या दादाचंसुद्धा, जो पंचवीस वर्षं सह्याद्रीत चढतोय, आणि दादाने निमूट दाखवलं. प्रत्येक स्टान्सवर, म्हणजे टप्प्याच्या शेवटी थांबायच्या जागी, तो आधी बोल्ट बघायचा, मग स्वतःला अडकवायचा, मग दोर घ्यायचा, घाई कधी नाही. दोन जागी त्याने जुन्या बोल्टला वगळून शेजारच्या नव्यावर दोर घेतला आणि खुणेने दाखवलं का ते. पैसे आदल्या संध्याकाळीच ठरवा, किती तास, किती माणसं, सामान कोणाचं, सगळं बोलून घ्या, नंतर कटकट होत नाही. आणि गाईड घ्याच, रूट सोपा असला तरी एक दिवस घ्या. घळीवर जगणारी माणसं घळीला सांभाळतात, बोल्टची खबर त्यांना असते, आणि आपला पैसा मराकेशच्या एजंटकडे न अडकता थेट त्यांच्या घरात जातो.

राहायला घळीच्या तोंडाशी आणि खजुराच्या बागेत बरीच गेस्टहाऊस आहेत. आमचं साधंच होतं, गच्चीवरून भिंत दिसायची, गरम पाणी संध्याकाळी येतं सकाळी नाही, वायफाय असून नसल्यासारखं. पण त्यांच्याकडे रूटची हाताने काढलेली वही होती, वर्षानुवर्षं आलेल्या लोकांनी पेन्सिलीने भर घातलेली, कुठला बोल्ट सैल, कुठे मधमाश्या, कुठे दोर अडकतो, आणि ती वही कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा ताजी निघाली. आम्हीसुद्धा त्या फिरणाऱ्या हँगरची नोंद करून आलो. राहायला जागा निवडताना गादी-बाथरूम नंतर बघा, आधी विचारा वही आहे का.

जेवण. व्हेज माणसाचे हाल होतात असं जे सांगतात ते खरं नाही. भाज्यांचं ताजीन सगळीकडे मिळतं, मातीच्या टोपणाखाली बटाटा, गाजर, कुर्जेट (झुकिनी), काबुली चणे, वर ऑलिव्ह, सोबत गोल जाड पाव. चव सौम्य आहे, तिखट नाही, पहिल्या दोन दिवसांत छान वाटतं, मग आपली जीभ कुरकुरायला लागते, तर बॅगेत ठेचा असू द्या. हरीरा नावाचं सूप असतं टोमॅटो आणि मसुरीचं, त्यात बऱ्याचदा मटण असतं, विचारून घ्या. शुक्रवारी घरोघरी कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या कण्यांचा पदार्थ, करतात, त्या दिवशी गेस्टहाऊसमध्येच जेवा. आणि पुदिन्याचा चहा, हिरव्या चहात ताजा पुदिना आणि भरपूर साखर, उंचावरून ग्लासात सोडतात, दिवसातून कितीही वेळा समोर येतो आणि नाही म्हणवत नाही. रमजान कधी आहे ते बघून तारखा ठरवा, त्या महिन्यात दिवसा खायची पंचाईत होते आणि गाईडही उपाशीपोटी चढत असतो, ते बरं वाटत नाही.

पाण्याचा धोका मात्र गंभीरपणे घ्या. घळीच्या अरुंद भागात झऱ्याचं गार पाणी घोट्याएवढं वाहतं, त्याच्या वरचं पात्र बहुतेक कोरडं, बघून वाटत नाही की इथे पूर येत असेल. पण पाऊस वर डोंगरात वीस-तीस किलोमीटरवर पडतो, उघड्या कातळावर मुरायला माती नाही, सगळं पाणी एकदम घळीत येतं आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा निळं आभाळ असतं. गोदेला पाणी वाढलं की आपण पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, तो छातीपर्यंत बुडाला, मानेपर्यंत बुडाला, तेवढा वेळ हाताशी असतो, घळीत तसा वेळ मिळत नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मोरोक्कोच्या आग्नेय भागात मुसळधार पावसाने पूर आले, माणसं गेली, तिंघिरचा भागही त्यात होता. म्हणून रोज सकाळी गेस्टहाऊसवाल्याला वरच्या डोंगरात ढग आहेत का हे विचारायचं, आणि पात्रात सामान पसरून ठेवायचं नाही.

परत आल्यापासून एक चर्चा सारखी ऐकतेय, की आपणही अंजनेरीला असे बोल्ट ठोकू, रूट करू, पोरांना काम मिळेल. माझं मत स्पष्ट आहे, अंजनेरीला नको. ते २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथल्या कड्यांवर गिधाडं असतात, आणि अंजनेरीचीच म्हणून ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची एक जात, सेरोपेजिया अंजनेरिका, तिथे उगवते जी जगात फार थोड्या जागी उरलीय. लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या कातळाला तर हातच लावायचा नाही. पण शहराच्या आसपास बंद पडलेल्या दगडखाणी आहेत, ज्या आधीच तोडलेल्या आहेत, तिथे परवानगी काढून, अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली, चांगल्या दर्जाचे बोल्ट वापरून दहा-बारा रूट झाले तर पावसाळा सोडून आठ महिने नाशिकची पोरं पायांवर चढायला शिकतील. तोद्रातली ती वही बघून हे जास्तच वाटलं, की बोल्ट ठोकणं हे अर्धं काम, ठोकलेल्या प्रत्येक बोल्टची नोंद ठेवणारं कोणीतरी हवं, नाहीतर दहा वर्षांनी तो गंजलेला सापळा होतो.

आता जायचं कसं. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, ई-व्हिसाची सोय आहे, तरी तिकीट काढायच्या आधी चालू नियम बघून घ्या. नाशिकहून मुंबई, मुंबईहून आखातात विमान बदलून कासाब्लांका, तिथून मराकेश, आणि मराकेशहून बसने किंवा भाड्याच्या गाडीने तिंघिर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पण मधे तिझी न टिश्का खिंड लागते, २,२६० मीटर उंच, वळणंच वळणं, बसने गेलात तर अख्खा दिवस धरा. ज्यांना कसारा घाटात पोटात ढवळतं त्यांनी गोळी घेऊन बसा. तिंघिरहून घळीपर्यंत शेअर टॅक्सी मिळतात, गच्च भरल्याशिवाय सुटत नाहीत. मोरोक्कोचा दिऱ्हॅम भारतात मिळत नाही, तिथेच बदलायचा, आणि घळीत रोख लागते, कार्ड फारसं चालत नाही, म्हणून तिंघिरच्या एटीएममधून काढून ठेवा. ड्रोन अजिबात नेऊ नका, परवानगीशिवाय देशात आणता येत नाही, विमानतळावर काढून घेतात, आणि आपल्या ग्रुपमध्ये ड्रोनवाले दोघं-तिघं आहेत म्हणून मुद्दाम लिहितेय.

बायकांसाठी थोडं वेगळं. मला घळीत कुठेच अडचण आली नाही, भिंतीवर तर नाहीच, लेगिंगवर चढायचे आणि खाली उतरले की वरून सैल कुर्ता. मराकेशच्या बाजारात मागे लागणारे भेटतात, मान खाली घालून चालत राहा, उत्तर देऊ नका, विषय संपतो. तिंघिरमध्ये आणि घळीत माणसं शांत आहेत, फोटो काढायच्या आधी विचारा, विशेषतः बायकांचे, बऱ्याच जणी नाही म्हणतात आणि तो त्यांचा हक्क आहे.

जाणार असाल तर चार जण जा, तीन नको. तिघांत एक कायम रिकामा बसतो आणि सावलीत बसून गारठतो, चौघांत दोन जोड्या होतात, दोन दोर, दोन ग्रिग्री, एक जोडी चढतेय तोवर दुसरी शेजारच्या रूटवर, आणि दुपारी जोड्या बदलायच्या. त्यातल्या निदान दोघांना लीड (पुढे राहून दोर वर नेणं), अँकर साफ करणं (शेवटी आपलं सामान काढून घेणं) आणि रॅपल (दोरावरून स्वतः उतरणं) हे झोपेत करता यायला हवं, ते नसेल तर आधी इथेच एक हंगाम पक्का सराव करा, आणि मग पुढच्या मार्चची तिकिटं काढा, लवकर काढली तर आखातातून जाणारी स्वस्त पडतात.